कोपऱ्यावर थांबलेली दवंडी

धर्मराज वारल्यावरचा हा दुसरा नाताळ. गावात नाताळ कवा येतो आन् कवा जातो, आता पत्ताबी लागत न्हाई. ग्रामपंचायतीचा भोंगा हाय, घंटागाडी सकाळी गाणं वाजवीत येती, पोरांच्या मोबाइलवर मेणबत्त्यांचे आन् फुलांचे फोटो येऊन पडतात. पण बातमी म्हणून कुणी काही सांगत न्हाई. बातमी सांगणारा आमच्याकडं एकच माणूस होता.

मी काकासाहेब. वाटूर फाट्यापासून चार किलोमीटर आत आमचं गाव, तिथलं तीस एकर रान माझं, वय चौऱ्याहत्तर. तोंड फटकळ हाय, हे आधीच सांगून ठेवतो, न्हाईतर मागून कुणीतरी सांगणारच. धर्मराजाविषयी सांगायचं म्हणजे मला माझ्याविषयीबी सांगावं लागतंय, आन् ते काही लई गोड न्हाई. पण सांगतो. लपवून त्याचं काय लोणचं घालायचंय?

धर्मराज आन् मी एका वर्गात होतो. पत्र्याची शाळा, एक मास्तर, चार वर्ग एकाच खोलीत. मी पुढं बसायचो, कारण माझ्या बापाची जमीन होती. तो दारापाशी बसायचा, कारण खालच्या आळीतली सगळी पोरं दारापाशीच बसायची. गणितं मात्र त्याची बराबर यायची आन् माझी न्हाई. मधल्या सुट्टीत मी त्याची पाटी बघून उतरवून घ्यायचो. तो हसायचा आन् म्हणायचा, "काक्या, निदान आकडे तरी सरळ काढ." तवा तो मला काक्या म्हणायचा. पुढं मोठे झालो तसा तो मला काकासाहेब म्हणायला लागला, आन् मी त्याला धर्माच म्हणत राह्यलो. हे कवा झालं ते मला आठवत न्हाई. त्याला आठवत असंल.

त्याचा बाप सर्जेराव, गावाचा हलगीवाला. गोल कड्यावर एका बाजूनं ताणलेलं कातडं, ते गळ्यात अडकवायचं, एका हातात जाड काठी, दुसऱ्या हातात बारीक कामटी. आधी तुराट्या पेटवून त्या जाळावर हलगी शेकायची, म्हणजे कातडं ताठ होऊन आवाज कडक निघतो. आमच्या घरचं लगीन असो, पोळा असो, कुणाची मयत असो, सर्जेराव पुढं. आन् दवंडी तर त्याचीच. चौकात उभं राहून हलगी वाजवायची आन् ओरडायचं, ऐका हो ऐका! आम्ही पोरं त्याच्या मागं पळायचो. मोठी माणसं मात्र घाबरायची, कारण दवंडीतून कधी कुणाचं भलं झालेलं न्हवतं. उद्या सारा भरा, न्हाई भरला तर जप्ती. पटकी आलीय, पाणी उकळून प्या. ह्याचा बैल कोंडवाड्यात हाय. तो वारला, सुतक पाळा. हलगी वाजली की माझी माय चुलीपुढून उठायची आन् छातीवर हात ठेवून दारात यायची.

मंग सर्जेरावाला टीबी झाला. जालन्याच्या दवाखान्यात सात महिने राह्यला. आम्ही समजलो की तो गेलाच. तर तो धडधाकट होऊन परत आला, आन् ख्रिस्ती होऊन आला. त्याच्या मागं खालच्या आळीतली आणखी चार घरं झाली. पाच घरांनी मिळून एक खोली बांधली, तिला प्रार्थनेचं घर म्हणायचे. महिन्यातून दोनदा परतूरहून पाळक सायकलवर यायचे. सर्जेरावानं हलगी खुंटीला टांगली. माझा बाप लई चिडला. सर्जेराव हात जोडून म्हणला, "मालक, आता हे हात दुसऱ्या कामाला लागलेत." आन् तो गवंडीकाम करायला लागला. बारा वर्सं ती हलगी खुंटीवर होती.

धर्मराजानं वाटूर फाट्यावर सायकलचं दुकान टाकलं. दुकान कसलं, एक टपरी, एक हवेचा पंप आन् पाण्याचं घमेलं. ट्यूब त्या घमेल्यात बुडवायचा, बुडबुडा निघाला की बोट ठेवायचा आन् म्हणायचा, "बघा, लपलं म्हणून लपतंय व्हय?" कुणाच्या खिशात पैसे नसले तरी सायकलीत हवा भरून द्यायचा. शाळेच्या पोरींच्या चेन तर फुकटच बसवायचा. जेवायच्या आधी हात रॉकेलनं, मंग राखेनं, मंग साबणानं धुवायचा, आन् तरी नखं काळीच. मोटारसायकली आल्या तसा त्यांचीबी पंक्चर काढायला लागला. बोलणं सारखं टोचरं, पण टोचलं तरी दुखायचं न्हाई. मी बोललो की दुखायचं, आन् तो बोलला की हसू यायचं, हा आमच्यातला फरक.

आता पहिल्या दवंडीचं सांगतो. अठ्ठ्याहत्तर साल. सर्जेराव त्या उन्हाळ्यात वारला होता. डिसेंबरातली सकाळ, ऊन नुकतं अंगणात उतरलं होतं, बाया कापूस वेचायला निघायच्या तयारीत होत्या. आन् बारा वर्सांनी गावात हलगी वाजली. माझ्या मायचा हात छातीवर गेला. "काय रं, जप्ती आली का काय?" सगळ्या गल्लीची दारं उघडली. बघतो तर धर्मराज. तपकिरी अर्धा स्वेटर, केसांना तेल, गळ्यात बापाची हलगी, आन् मागं त्याची बायको चांगुणाबाई डोक्यावर करंज्यांची टोपली घेऊन.

तो ओरडला, "ऐका हो ऐका! मायबहिणींनो, लहानथोरांनो! भिऊ नका! मोठ्या आनंदाची बातमी हाय! तुमच्यासाठी लेकरू जन्माला आलंय! गोठ्यात जन्मलंय, गव्हाणीत निजलंय! राजाला न्हाई, मेंढरं राखणाऱ्याला आधी कळवलंय! बातमी सगळ्याला हाय हो, सगळ्याला! कुणी राह्यलं म्हणू नका!"

दवंडीत असलं कुणी कधी ऐकलंच न्हवतं. आमच्या शेजारची खैरुनबी, शिंपी सिराजोद्दीनची माय, ती पुढं आली आन् तिनं इचारलं, "अगे, किसके घर बच्चा हुआ रे?"

धर्मराज म्हणला, "सबके घर, खाला. तुमच्याबी."

खैरुनबीनं इचारलं, "हमारे ईसा नबी की बात करता तू?" तो हो म्हणला. "फिर ऐसा सूखा कैसा चलेगा?" म्हणत ती आत गेली आन् गुळाचा खडा घेऊन आली. लेकरू झालं म्हणल्यावर तोंड गोड करायला पाहिजे, एवढंच तिला कळलं, आन् मला वाटतं तिला सगळ्यांत आधी बराबर कळलं. त्या दिवसापासून रिवाजच पडला. दर नाताळच्या सकाळी धर्मराज दवंडी देत यायचा, चांगुणाबाई घरटी दोन करंज्या द्यायची आन् घरवाले त्यांच्या हातावर गूळ ठेवायचे. आमच्याकडनंबी गूळ जायचा. माझी बायको सगुणाबाई द्यायची.

मी एकदा त्याला टपरीवर टोकलं, "धर्मा, तुमची घरं पाच. बातमी तुमची. गावाला कशाला सांगत फिरतोस?"

तो टायर सोडवत होता. मान वर न करता म्हणला, "माझ्या बापानं जन्मभर गावाला बातम्या सांगितल्या. पण आमच्या आळीत दवंडी द्यायला कधी कुणी आल्तं का? आम्ही सांगणारे, आम्हाला सांगणारं कुणी न्हाई. आन् देवानं काय केलं? उघड्या रानात, थंडीत, मेंढरापाशी बसलेल्या माणसांना पहिल्यांदा सांगितलं. आम्हाला सांगितल्यासारखंच की. मंग ती बातमी मी पाच घरांत दाबून ठेवू व्हय? सगळ्याला म्हणलंय त्यानं. सगळ्याला म्हणजे सगळ्याला, काकासाहेब. त्यात सूट न्हाई."

मंग टायरवर जोर लावत म्हणला, "आन् ह्या हलगीनं लई जप्त्या केल्या. एक तरी चांगली गोष्ट करू द्या की तिला." ती हलगी तो वर्षातून एकदाच काढायचा. लग्नाला न्हाई, मिरवणुकीला न्हाई, पुढाऱ्याच्या सभेला तर बिलकुल न्हाई. लोक पैसे द्यायला तयार असायचे. तो म्हणायचा, "ती आता दुसऱ्याच्या नोकरीत हाय."

तीस वर्सं असं चाललं. मंग मी माती खाल्ली.

पोळ्याचा दिवस होता. मी नवीन लाल कंधारी जोडी आणलेली, गावात तशी जोडी न्हवती. परतूरचा बँड ठरवला होता, तो आलाच न्हाई. बैल सजून उभे, गोंडे, झुली, सगळं गाव जमलेलं, आन् वाजवायला कुणी न्हाई. मी माणूस पाठवला, धर्माला म्हणावं हलगी घेऊन ये जल्दी. तो आला. हलगी न आणता आला. सगळ्यांच्या समोर, पण हळू आवाजात म्हणला, "काकासाहेब, जोडी झकास हाय. पण हलगी न्हाई वाजवायचो. तुम्हाला ठावं हाय."

मला ठावं होतं. पण चारशे माणसं बघत होती आन् माझं डोकं फिरलं. मी जे बोललो ते आजबी तसंच सांगतो, गोड करून सांगत न्हाई. मी म्हणलो, "तुझ्या बापानं आमच्या दारात वाजवून पोट भरलं आन् तू मला शिकवून राह्यलास? मंग ती हलगी नाताळलाबी माझ्या दारात आणायची न्हाई. माझ्या गल्लीच्या कोपऱ्याच्या आत पाय टाकू नको."

तो म्हणला, "बरं." आन् गेला. भांडला असता तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. पण त्या एका शब्दावर मी वर्सानुवर्स चडफडत राह्यलो.

चौदा नाताळ गेले. तो दर वर्सी यायचा, सगळं गाव फिरायचा आन् आमच्या कोपऱ्यावरच्या लाइटच्या खांबापाशी थांबायचा. तिथं उभं राहून दवंडी द्यायचा. सिराजोद्दीनचं घर माझ्या घराच्या पलीकडं, म्हणून त्याच्याकडं जायला तो अख्ख्या गावाला वळसा घालून, रानाच्या बाजूनं, काट्याकुट्यांतून यायचा. पण माझ्या दारासमोरून एकदाबी गेला न्हाई. मी ओट्यावर पेपर घेऊन बसायचो. मी काही वाट बघत न्हवतो. पेपर उलटा धरलेला असायचा, म्हणून काय झालं?

परत घ्यायचा होता मला तो शब्द. दर पोळ्याला वाटायचं, औंदा सांगून टाकू. पण मंग वाटायचं, आपण काकासाहेब, सगळ्या गावापुढं बोललेलं गिळायचं कसं? आन् तो तरी कुठं येतोय? एक सांगतो, माणूस स्वतःच कुलूप घालतो आन् दुसऱ्यानं किल्ली आणावी म्हणून बसून राहतो. मी बसलो चौदा वर्सं.

मंग दसऱ्याच्या सुमाराला सगुणाबाईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, बोललेलं निम्मं कळायचं. पोरगा कल्याण पुण्याला असतो, तो येऊन पंधरा दिवस राहून गेला. जालन्याच्या डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, दुसरा झटका येऊ शकतो, काळजी घ्या. मी काळजी घेत होतो, म्हणजे काय, तर खाटेपाशी बसत होतो. पेज भरवायची, कूस बदलायची. पन्नास वर्सांच्या संसारात मी तिला कधी पाण्याचा तांब्याबी भरून दिला न्हवता.

डिसेंबर लागला तसं ती एका दुपारी म्हणली, "नाताळ कवा हाय?"

"कशाला पाहिजे तुला?"

"हलगी ऐकायचीय."

मला वाटलं, तिच्या डोक्यावर परिणाम झाला. म्हणलो, "अगं, ती आपल्या दारात येत न्हाई. चौदा वर्सं झाली."

ती डाव्या हातानं पदर चाळवत राह्यली. मंग एक एक शब्द ओढून बोलली. "तुमच्या दारात येत न्हाई. मी जाते की. दर वर्सी. खांबापाशी." थांबली, लाळ पुसली मी. "तुम्ही पेपर वाचता. मी मागच्या दारानं जाते."

ती पुढं म्हणली, "पहिल्यांदा आल्ता तो... त्या साली आपली तान्ही गेल्ती. श्रावणात."

गेल्ती. आमचं पहिलं लेकरू, एकवीस दिवसांची पोर. अठ्ठ्याहत्तरचा श्रावण. मी ते नाव पुन्हा कधी घरात काढलं न्हवतं आन् कुणाला काढूबी दिलं न्हवतं. तिच्यासाठी ना दवंडी झाली ना सुतक नीट पाळलं, तान्ह्या पोरीला कोण इचारतंय?

"तो ओरडला, भिऊ नका, तुमच्यासाठी लेकरू जन्माला आलंय," सगुणा म्हणली. "मला वाटलं, मलाच म्हणतोय. कुणीच काही म्हणलं न्हवतं मला तवर." तिचे डोळे भरून आले, एकाच डोळ्यातून पाणी गेलं, दुसरा डोळा नीट मिटतबी न्हवता. "मला भ्या वाटून राह्यलंय, अहो. औंदा जाता येईना खांबापर्यंत. तुम्ही आणा ना त्याला."

लेको, रडलो मी. सांगायला लाज वाटत न्हाई. गोठ्यात जाऊन, म्हशीच्या आडोशाला, मोठ्यानं रडलो.

आता बघा माझी अक्कल. आणायचं ठरलं, तर कसं आणायचं? आमच्या घराण्यात हलगीवाल्याला बोलवायची एकच रीत मला ठावी होती. विडा-सुपारी पाठवायची. बापानं पाठवलेली, आज्यानं पाठवलेली. मला वाटलं, ह्याच्यापेक्षा मोठा मान कोणता? मी घरातलं चांदीचं तबक घासूनपुसून काढलं, विडा ठेवला, सुपारी ठेवली, नवा टॉवेल-टोपी ठेवली, वरून पाचशेची नोट. सिराजोद्दीनला बोलावलं, म्हणलो, हे तू नेऊन दे.

सिराजनं तबक बघितलं आन् कपाळाला हात लावला. "काकासाहेब, ये नक्को. सुपारी नक्को भेजो उसको. तुम खुद जाव."

"तुला काय कळतं रं? मान देऊन राह्यलो मी त्याला."

"मान?" सिराज म्हणला. "बराबर." आन् मान हलवत तबक घेऊन गेला.

तासाभरात परत आला. तबक तसंच. सुपारी तशीच, टॉवेल, टोपी, नोट, सगळं. फक्त वर कागदात बांधलेल्या चार करंज्या ठेवल्या होत्या. "काय म्हणला?" मी इचारलं.

सिराज खाली बघून म्हणला, "तो म्हणला, वहिनीला करंज्या दे. आन् काकासाहेबांना सांग, ह्या बातमीची सुपारी घेत न्हाई मी. बापानं घेतल्या तेवढ्या बास."

मला इतका राग आला की तबक आदळलं मी. एवढा कमीपणा घेतला, आन् हा उलटा मलाच शिकवतोय! घरभर येरझाऱ्या घातल्या, बडबडलो, धर्माच्या सात पिढ्या काढल्या. सगुणा खाटेवरून सगळं ऐकत होती. मी दमून बसलो तवा ती म्हणली, "तुम्हाला मागता येत न्हाई."

एवढंच. आन् तोंड भिंतीकडं केलं.

ते लागलं मला. खरंच की, जन्मभर मी मागितलंच न्हवतं कुणाला काही. हुकूम दिला, मोल दिलं, उपकार केला, पण मागितलं न्हाई. आन् ती बातमी तर मोल देऊन मिळत न्हाई, हे मला तीस वर्सं सांगून राह्यला होता तो. मी ऐकून ऐकलं न्हवतं.

नाताळच्या सकाळी आंघोळ केली, धोतर नेसलो आन् निघालो. सिराजच्या बायकोला सगुणापाशी बसवलं. माझा जन्म गेला तरी खालच्या आळीत मी फार तर रस्त्यावरून हाक मारली होती, कुणाच्या अंगणात गेलो न्हवतो. त्या दिवशी गेलो. प्रार्थना आटपली होती. प्रार्थनेच्या घरावर कागदाची चांदणी लावलेली, पोरं नव्या कपड्यांत पळत होती, करंजीच्या तळणाचा वास सुटला होता. मला बघून सगळी जागच्या जागी थांबली. धर्मराज अंगणात उकिडवा बसून तुराट्यांच्या जाळावर हलगी शेकत होता. तोच तपकिरी स्वेटर, कोपरावर ठिगळ. केस पांढरेशुभ्र.

त्यानं वर बघितलं. उठला न्हाई. चांगुणाबाईच उठली, खुर्ची आणायला धावली.

मी म्हणलो, "खुर्ची राहू द्या, बाई." आन् त्याच्यासमोर खाली बसलो. गुडघे कडकड वाजले. "धर्मराज," मी म्हणलो. इतक्या वर्सांत पहिल्यांदा पुरं नाव घेतलं. "माझं चुकलं."

तो हलगी फिरवत म्हणला, "कोणतं? पोळ्याचं का सुपारीचं?"

"दोन्ही."

"आन् माझ्या पाटीवरून उतरवलेली गणितं?"

"तीबी," मी म्हणलो, आन् हसायला गेलो तर हुंदकाच फुटला. "सगुणाला भ्या वाटतंय रं. तिला खांबापर्यंत येता येत न्हाई. तू ये. मी मागायला आलोय."

त्यानं हलगीवर बोटानं टिचकी मारून बघितली, आवाज कडक निघाला. जाळावर पाणी शिंपडलं. मंग उठून मला हात दिला आन् उठवलं. "चला, जल्दी. वहिनीकडं आधी जाऊ. बाकीचं गाव मागून."

आम्ही निघालो. पुढं तो, मागं मी, मागं चांगुणाबाई टोपली घेऊन, आन् पोरांचा घोळका. गाव दारांत येऊन बघत होतं. काकासाहेब हलगीच्या मागं चाललेला कुणी कधी बघितला न्हवता. खांब आला. धर्मराज तिथं थांबला, चौदा वर्सांची सवय. मी म्हणलो, "चल की." तो आत वळला.

माझ्या दारात त्यानं हलगी वाजवली. काय वाजवली! ओट्यावरची कबुतरं उडाली. सगुणाची खाट मी आतल्या सोप्यात दारासमोर ओढून ठेवली होती. तिचा डावा हात चादरीवर ताल धरायला लागला. मंग हलगी थांबली, आन् धर्मराज माझ्याकडं वळून म्हणला, "सांगा."

"काय सांगा?"

"बातमी. हलगी मी वाजवली. बातमी तुम्ही सांगायची."

"येडा का काय? मी कसा सांगणार? मी काय तुमच्यातला हाय?"

"मेंढरंवाले तरी आमच्यातले कुठं होते?" तो म्हणला. "त्यांनी ऐकलं आन् सांगत सुटले, एवढंच. दारात येऊ नको म्हणून तुम्हीच सांगितलं होतं, काकासाहेब. आता तुमच्याच तोंडानं आत जाऊ द्या."

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. पोळ्याला होतं तसंच. मी उंबरा ओलांडून आत गेलो, सगुणाच्या खाटेपाशी उभा राह्यलो. घसा खाकरला. जन्मभर दुसऱ्याकडून दवंडी देवविली होती, स्वतः कधी ओरडलो न्हवतो.

"ऐका हो ऐका," मी म्हणलो. आवाज निघंना. पुन्हा म्हणलो, मोठ्यानं. "ऐका हो ऐका! मायबहिणींनो, लहानथोरांनो! भिऊ नका!" सगुणा माझ्याकडं एकटक बघत होती. "भिऊ नका, सगुणा. मोठ्या आनंदाची बातमी हाय. तुमच्यासाठी... आपल्यासाठी लेकरू जन्माला आलंय. गोठ्यात जन्मलंय, गव्हाणीत निजलंय. राजाला न्हाई, मेंढरं राखणाऱ्याला..."

पुढचं आठवंना. श्रावणातली एकवीस दिवसांची पोर डोळ्यापुढं आली आन् सगळं पुसून गेलं.

आन् खाटेवरून सगुणाचा आवाज आला. वाकड्या तोंडानं, सावकाश, पण एकबी शब्द न चुकता. "आधी कळवलंय. बातमी सगळ्याला हाय हो, सगळ्याला. कुणी राह्यलं म्हणू नका."

मी तिच्या उशाशी बसलो. तिचा गार हात हातात घेतला. म्हणलो, "अगं, तुला तर सगळंच पाठ हाय."

ती निम्म्या तोंडानं हसली. "सगळ्या गावाला पाठ हाय," ती म्हणली. "राह्यलते ते तुम्ही एकटेच."